वर्षाऋतूतील औषधकोठी : बुरशीचे नमुने कसे घ्यावेत व कसे तपासावेत?

प्रस्तावना

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की कोकणातील वैद्याच्या मागे दोन चिंता लागतात. एक रुग्णांची, दुसरी कोठीची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो. शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वरात तर पाऊस नसतानाही हवेत पाणी असते. जांभ्याच्या भिंती ओल धरतात, लाकडी फडताळांची दारे फुगतात आणि घट्ट झाकणाच्या बरणीतले चूर्णही गोळ्या धरू लागते.

प्रस्तुत लेखाचा विषय आम्हाला आमच्याच एका चुकीने दिला. आमच्या औषधनिर्मिती कक्षात चूर्णे चाळण्याचे व पुड्या बांधण्याचे काम करणाऱ्या बाईंना सलग दोन पावसाळे कास व प्रतिश्याय यांचा त्रास झाला. सितोपलादि, वासा, अभ्यंग, स्वेद हे सर्व झाले. उपशय मिळे, परंतु टिकत नसे. गणपतीत त्या आठ दिवस घाटावर माहेरी गेल्या की औषधावाचून बऱ्या होत आणि परतून कोठीत बसल्या की दोन दिवसांत पुन्हा खोकू लागत. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत आलो होतो, पण निदान आमच्या पाठीशी असलेल्या कपाटामागे आहे हे ध्यानात यायला दोन वर्षे लागली. कपाट सरकविले तेव्हा भिंतीवर हातभर रुंदीचा हिरवट-काळा पट्टा होता आणि त्याच भिंतीला टेकून ज्येष्ठमधाचे पोते उभे होते.

भिंत पुसली, पोते उन्हात घातले, एवढ्याने काम झाले असे तेव्हा आम्हाला वाटले. ते का चुकीचे होते, आणि अशा वेळी कोणती परीक्षा कोणत्या क्रमाने करावी, हे वैद्यमित्रांपुढे व औषधालयांच्या चालकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

संहितांतील भूमिका

औषधसंग्रहाचा विचार आपल्या आचार्यांनी तपशिलाने केला आहे. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात भेषजागाराचे वर्णन करताना त्याचे द्वार पूर्वेस वा उत्तरेस असावे, वाऱ्याचा थेट झोत नसावा परंतु एका बाजूने हवा खेळती असावी, आणि अग्नी, पाणी, उपस्वेद म्हणजे दमटपणा, धूर, धूळ, उंदीर व चतुष्पाद प्राणी यांचा तेथे शिरकाव होऊ नये असे सांगितले आहे. द्रव्ये झाकून शिंक्यावर टांगावीत असाही निर्देश आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातही धूर, पाऊस, वारा व क्लेद यांपासून सर्व ऋतूंत सुरक्षित अशा घरात औषधसंग्रह करण्यास सांगितले आहे. शार्ङ्गधरांनी चूर्णाची सवीर्यता दोन महिन्यांपर्यंतच मानली. चूर्ण झालेल्या द्रव्याचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो व ते हवेतील ओल झपाट्याने शोषते, हे लक्षात घेतले म्हणजे ही मर्यादा किती व्यवहारी होती ते कळते.

शिंक्यावर टांगणे म्हणजे जमिनीचा व भिंतीचा स्पर्श तोडणे. आज शिंकी गेली व लोखंडी मांडण्या आल्या, परंतु तत्त्व तेच आहे. आचार्यांनी क्लेद टाळण्यास सांगितले. तो किती आहे व त्याने काय केले आहे हे मोजण्याची साधने आज आपल्या हाती आहेत. त्यांचा उपयोग करणे हे त्याच परंपरेचे पुढचे पाऊल होय.

बुरशीला काय लागते?

बुरशीचे बीजाणू सर्वत्र असतात. कोणतीही कोठी बीजाणूंपासून पूर्ण मुक्त करता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. अन्न बुरशीला कोठेही मिळते. लाकूड, कागद, पुठ्ठा, रंगातील चिकटद्रव्य, नुसती धूळही तिला पुरते. उष्णतामान कोकणात बारा महिने अनुकूलच असते. उरते ते पाणी, आणि तेवढेच आपल्या ताब्यात असते.

कोरड्या द्रव्यांवर वाढणाऱ्या काही जाती हवेतील सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास पोचली की वाढू लागतात. ऐंशीच्या वर बहुतेक ॲस्परजिलस व पेनिसिलियम जातींना मोकळे रान मिळते. म्हणून कोठीची आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत ठेवावी असे सांगितले जाते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण कोरडी झाली तर बुरशी सहसा धरत नाही. ही मुदत टळली की धरते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा पाणी ओसरून गाळ उपसेपर्यंतच ही मुदत उलटून गेली होती. पुराच्या पाण्यात बुडालेले औषधद्रव्य तपासण्याचा प्रश्नच येत नाही, ते टाकूनच द्यावे लागते. परीक्षेची गरज असते ती न बुडालेल्या पण ओल खाल्लेल्या द्रव्यासाठी.

परीक्षेचा क्रम

बुरशी म्हटले की प्रथम हवेचा नमुना घ्यावा असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो शेवटून दुसरा टप्पा आहे. दर्शन, स्पर्शन, प्रश्न हा आपला त्रिविध परीक्षेचा क्रमच येथेही उपयोगी पडतो.

(१) दर्शन व प्रश्न : कपाटांच्या मागे, मांडणीच्या तळफळीखाली, छताच्या कोपऱ्यात, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर व पोत्यांच्या बुडाशी विजेरीचा प्रकाश तिरका टाकून पाहावे. बुरशीचा मखमली थर तिरक्या प्रकाशात उठून दिसतो. कुबट वास येतो का, कोठे येतो, कोणत्या दिवसांत वाढतो, तेथे काम करणाऱ्यांना काही त्रास होतो का व सुटीत तो कमी होतो का, हे विचारावे. हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

भिंतीवरचे प्रत्येक पांढरे म्हणजे बुरशी नव्हे. जांभ्याच्या व विटांच्या भिंतींना लोणा लागतो. लोणा म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार होत. ते बोटाला खरखरीत लागतात व पाण्याच्या थेंबात विरघळतात. बुरशी विरघळत नाही, ती फासली जाते. लोण्याचे महत्त्व वेगळे आहे, भिंतीतून पाणी चढत असल्याची ती खूण आहे.

डोळ्यांना बुरशी दिसत असेल तर ती कोणत्या जातीची आहे हे कळण्याची वाट न पाहता काढावी व ओलीचे मूळ बंद करावे, असेच आज सर्वत्र सांगितले जाते. नमुना घ्यावा तो प्रश्न शिल्लक असेल तरच.

(२) ओलाव्याचे मापन : दोन-तीन आर्द्रतामापी यंत्रे ही कोठीतील सर्वांत उपयुक्त गुंतवणूक होय. एक भिंतीलगत, एक मध्यभागी व एक बंद कपाटात ठेवून सकाळ-संध्याकाळ नोंद करावी. बाजारातील स्वस्त यंत्रे अनेकदा पाच-दहा टक्के चुकतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते चिखलासारखे ओले होईल एवढेच पाणी घालावे. ते झाकण व यंत्र एका हवाबंद बरणीत आठ ते बारा तास ठेवावे. नेहमीच्या उष्णतामानाला आतील आर्द्रता पंचाहत्तर टक्के झाली पाहिजे. यंत्र एकोणऐंशी दाखवीत असेल तर ते चारने अधिक दाखवते अशी चिठ्ठी त्याच्या पाठीवर चिकटवावी.

भिंतीची ओल आतून येते की हवेतून, हे ठरविण्यासाठी दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक दिवस ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील बाजूस थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे, आपल्याकडील बाजूस जमले तर हवेतील बाष्प थंड भिंतीवर साचत आहे. पहिल्यास बाहेरून उपाय हवा, म्हणजे पागोळ्या दूर नेणे, झडीच्या बाजूस झाप बांधणे, पायथ्याचे पाणी वळविणे. दुसऱ्यास हवा खेळविणे व कपाट भिंतीपासून दूर घेणे हा उपाय आहे. उलट केल्यास खर्च होतो, गुण येत नाही.

(३) पृष्ठभागाचा नमुना : हा डाग बुरशीचाच आहे का, एवढाच प्रश्न असेल तेव्हा पारदर्शक चिकटपट्टी पुरते. दोन इंच पट्टी डागावर हलकेच दाबून उचलावी, काचपट्टीवर लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूच्या थेंबावर ठेवावी व सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दहापट, नंतर चाळीसपट भिंगाने पाहावी. ॲस्परजिलसचे फुगीर टोक व त्यावरील बीजाणूंच्या माळा, पेनिसिलियमची कुंच्यासारखी रचना एकदा पाहिली की विसरत नाही. चमकरहित दुधी पट्टी वापरू नये, तिच्यातून नीट दिसत नाही. जिवंत वाढ हवी असेल तर निर्जंतुक कापसाची काडी ओली करून ठरावीक क्षेत्रावर फिरवावी व ती प्रयोगशाळेत संवर्धनासाठी पाठवावी.

(४) हवेचा नमुना : याचे तीन मार्ग आहेत.

पहिला उघड्या तबकडीचा. साबुरो डेक्स्ट्रोज आगर किंवा माल्ट आगर घातलेली नव्वद मिलिमीटरची तबकडी कामाच्या उंचीवर पंधरा ते तीस मिनिटे उघडी ठेवावी, झाकावी व वीस ते पंचवीस अंशांवर पाच ते सात दिवस ठेवून वसाहती मोजाव्यात. खर्च अल्प, पण मर्यादा मोठी. तबकडीवर जे पडते तेच मोजले जाते. तीस मायक्रॉनचा बीजाणू स्थिर हवेत दोन मीटर उंचीवरून सव्वा मिनिटात खाली येतो, तर तीन मायक्रॉनच्या बीजाणूला त्याच अंतरासाठी दोन तास लागतात. ॲस्परजिलस व पेनिसिलियम यांचे बीजाणू याच लहान आकाराचे असतात व तेच श्वासमार्गात खोलवर जातात. म्हणजे जे सर्वांत महत्त्वाचे तेच ही पद्धत सर्वांत कमी दाखवते. तबकडी कोरी राहिली म्हणून कोठी शुद्ध, असा निष्कर्ष कधीही काढू नये. एकाच कोठीची दुरुस्तीपूर्वीची व नंतरची तुलना करण्यापुरता तिचा उपयोग करावा.

दुसरा मार्ग हवा मोजून ओढणाऱ्या यंत्राचा. अँडरसन यांनी १९५८ साली मांडलेल्या पद्धतीत मिनिटाला २८.३ लिटर हवा बारीक छिद्रांतून तबकडीवर आदळविली जाते. समजा पाच मिनिटांत १४१.५ लिटर हवा घेतली व ३४ वसाहती उगवल्या, तर एक घनमीटर हवेत सुमारे २४० जिवंत बीजाणू होते असे म्हणता येते. छिद्रे ठरावीक असल्याने वसाहती फार झाल्या तर संख्येत दुरुस्ती करावी लागते.

तिसरा मार्ग चिकट पृष्ठभागावर बीजाणू धरून ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याचा. येथे महाराष्ट्राचे स्वतःचे योगदान आहे. तत्कालीन मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. टी. टिळक यांनी आर. एल. कुलकर्णी यांच्यासह १९७० साली टिळक एअर सॅम्पलर हे यंत्र मांडले. विजेवर चालणारे हे यंत्र मिनिटाला पाच लिटर हवा ओढते व आठ दिवसांत एक फेरा पूर्ण करणाऱ्या दंडगोलावरील चिकट पट्टीवर बीजाणू टिपते. त्यामुळे कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी काय आले याची नोंदच मिळते. भारतातील वायुजीवशास्त्राच्या असंख्य अभ्यासांत हे यंत्र वापरले गेले. या पद्धतीचा विशेष असा की मेलेले बीजाणूही मोजले जातात, आणि आवर्जून सांगावयाचे म्हणजे मेलेला बीजाणूही कास-श्वास उत्पन्न करू शकतो. संवर्धनात तो दिसत नाही. उलट सूक्ष्मदर्शकात ॲस्परजिलस व पेनिसिलियम यांचे सुटे बीजाणू एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. प्रश्न कोणता आहे त्यावरून पद्धत निवडावी.

पद्धत कोणतीही असो, चार नियम पाळावेत. बाहेरच्या हवेचा नमुना त्याच दिवशी, त्याच वेळी घ्यावा. एक न उघडलेली तबकडी बरोबर ठेवावी, तिच्यावर काही उगवले तर सारा संच बाद समजावा. एकाच नमुन्यावर विसंबू नये. आणि आधी दोन दिवस झाडलोट, धूपन वा फवारणी करू नये. नमुन्यापूर्वी गुग्गुळ-निंबाचे धूपन करून आलेला स्वच्छ निकाल हा आपणच आपली केलेली फसवणूक होय.

(५) द्रव्याचा नमुना : वैद्याच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा, कारण हवेतले थोडे नाकात जाते, चूर्णातले सर्व पोटात जाते. पोती पाचपर्यंत असतील तर प्रत्येकातून, सहा ते पन्नास असतील तर पाचांतून, त्याहून अधिक असतील तर दहा टक्के पोत्यांतून नमुना घ्यावा असा जागतिक आरोग्य संघटनेच्या वनौषधी-परीक्षण पुस्तिकेचा संकेत आहे. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून व तळातून द्रव्य घ्यावे, एकत्र करावे, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत व हे पुरेसे लहान परिमाण उरेपर्यंत करावे. वरचे मूठभर चांगले द्रव्य पाठवून मिळालेल्या दाखल्याला अर्थ नाही.

प्रयोगशाळेत दहा ग्रॅम चूर्ण नव्वद मिलिलिटर निर्जंतुक द्रवात मिसळून पुढे दहापट विरल करीत नेतात व प्रत्येकाचा एक मिलिलिटर तबकडीत घालतात. समजा शंभरपट विरलतेच्या दोन तबकड्यांवर १४ व १८ वसाहती आल्या. सरासरी १६, म्हणजे एका ग्रॅमला १६००. पोटात घेण्याच्या औषधासाठी एका ग्रॅममध्ये बुरशी व यीस्ट मिळून एक हजार ही मर्यादा मानली जाते, तेव्हा हे चूर्ण नापास.

निकालाचा अर्थ

द्रव्यासाठी अशी मर्यादा आहे, हवेसाठी मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही हवेतील बीजाणूंची आरोग्याला सुरक्षित अशी संख्या दिलेली नाही. ओल व बुरशी असू नये, असली तर दूर करावी, असेच तिचे सांगणे आहे. म्हणून अमुक आकडा सुरक्षित, असे कोणी छापील अहवालात लिहून दिले तर त्याचा आधार विचारावा. पाहावयाचे ते एवढेच की आतली संख्या बाहेरच्यापेक्षा अधिक आहे का, आणि जाती त्याच आहेत का? बाहेर क्लॅडोस्पोरियम अधिक व आत ॲस्परजिलस-पेनिसिलियमचे प्राबल्य असेल तर एकूण संख्या कमी असली तरी आत कोठेतरी वाढ चालू आहे असे समजावे.

२०२१ सालच्या करोनाकाळापासून काळी बुरशी हा शब्द रुग्णांच्या तोंडी बसला आहे. भिंतीवरचा काळा डाग व म्युकरमायकोसिस यांचा रंगावरून संबंध जोडू नये. तो रोग म्युकर गणातील बुरशांमुळे होतो, भिंतीवरील काळ्या डागात बहुधा दुसऱ्याच जाती असतात. अनियंत्रित मधुमेहाच्या वा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाला मात्र कोणत्याही बुरशीच्या जागेपासून दूर ठेवणे इष्ट.

उन्हाने काय जाते, काय उरते?

आता ज्येष्ठमधाकडे परत येऊ. आम्ही पोते उन्हात घातले, कांड्या पुसल्या, हिरवट थर गेला, वास गेला. त्यातील काही द्रव्य वापरलेही. तेव्हा आमची समजूत अशी होती की बुरशी गेली म्हणजे दोष गेला.

ॲस्परजिलस फ्लेव्हस व तिच्या जवळच्या जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृतघ्न विष निर्माण करतात. ते कर्करोगजनक असल्याचेही सिद्ध झाले आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरसटलेल्या शेंगदाणा पेंडीने हजारो टर्की पक्षी मेले तेव्हा त्याचा शोध लागला. १९७४ साली आपल्या शेजारच्या गुजरात-राजस्थान सीमेवरील पंचमहाल व बांसवाडा जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन कामला व जलोदराची साथ उसळली व शंभराहून अधिक माणसे दगावली. बुरशी मरते, विष मरत नाही. ते उन्हाने, उकळण्याने वा भाजण्याने पूर्ण जात नाही. क्वाथ करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. भागलपूर येथील संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साठवणीतील वनौषधींच्या नमुन्यांत हे विष आढळले होते, तेव्हा ही केवळ धान्याची गोष्ट नाही.

याची परीक्षा वसाहती मोजून होत नाही. पुसलेल्या, वाळविलेल्या द्रव्यात वसाहती कमी व विष भरपूर असू शकते. त्यासाठी टीएलसी वा एचपीएलसी पद्धती लागतात. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ‘बी’ गट निळा व ‘जी’ गट हिरवट चमकतो. शिवाय हे विष पोत्यात एकसारखे पसरलेले नसते, चार कांड्यांत सारे एकवटलेले असू शकते. म्हणून बुरशी दिसलेल्या पोत्याचा नमुना शुद्ध आला तरी ते वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. आम्ही उरलेले पोते टाकले. वापरलेले परत घेता येत नाही.

व्यवहारातील सूचना

स्वतःच्या रुग्णांसाठीच औषध बनविणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना २००० साली लागू झालेल्या परिशिष्ट ‘टी’मधील उत्तम निर्मिती पद्धतीच्या अटींतून सूट आहे. सूट कायद्यातून आहे, रुग्णाप्रति असलेल्या कर्तव्यातून नाही. विक्रीसाठी निर्मिती करणाऱ्यांनी शासनमान्य औषध-परीक्षण प्रयोगशाळेचाच अहवाल घ्यावा. कोठीच्या भिंतीच्या वा हवेच्या प्राथमिक तपासणीस जवळच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागाची मदत घेता येते.

मांडणी भिंतीपासून वीतभर व जमिनीपासून हातभर दूर ठेवावी. पावसाळ्यापुरते कच्चे द्रव्य वैशाखातच वाळवून हवाबंद डब्यांत भरावे, गोणपाटात ठेवू नये. चूर्णे लहान प्रमाणात करावीत. भिंतीचा डाग कोरडा खरवडू नये, बीजाणू उडतात. मुखपट्टी व हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने ओला पुसावा व जागा पूर्ण वाळवावी. बुरसटलेला पुठ्ठा व गोणपाट टाकून द्यावे. उगवलेल्या तबकड्या कधीही उघडू नयेत, पंधरा पौंड दाबाखाली वीस मिनिटे निर्जंतुक करूनच टाकाव्यात. कोठीत माणूस असताना धूपन करू नये. धूर श्वासरोग्यास त्रास देतो आणि ओल मुळीच कमी करीत नाही.

उपसंहार

आमच्या कोठीच्या त्या भिंतीला प्लास्टिकच्या कागदाची परीक्षा लावली तेव्हा थेंब भिंतीच्या बाजूस जमले. मागच्या पागोळीचे पाणी पायथ्याशी मुरत होते. ते वळविले, कपाट पुढे घेतले, आर्द्रतेची वही सुरू केली. त्यानंतरच्या पावसाळ्यात बाईंना एकदाच, तोही चार दिवसांचा, प्रतिश्याय झाला. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु पावसाळ्यात वारंवार उलटणारा कास समोर आला की आता आम्ही आहार-विहाराबरोबर एक प्रश्न अधिक विचारतो, ‘तुम्ही दिवसभर बसता त्या जागेची भिंत कोरडी आहे का?’ वैद्यमित्रांनी हा प्रश्न प्रथम स्वतःच्या कोठीला विचारावा अशी विनंती आहे.